अमेरिकेतल्या फ्रॅटर्निटी: 'बिड'पासून 'इनिशिएशन'पर्यंत काय होतं, कुठे बिघडतं

पारिजातक

दर ऑगस्टमध्ये इथे कुणीतरी विचारतंच: मुलगा अंडरग्रॅडला अमेरिकेत चाललाय, फ्रॅटर्निटीत (ग्रीक अक्षरांच्या नावाची मुलग्यांची विद्यार्थी-संघटना; विद्यापीठागणिक शाखा, आणि बहुतेकदा सदस्यांचं एकत्र राहायचं घर) जाऊ द्यावं का? मग दोनच सूर लागतात. एक, "दारूचे अड्डे ते, लांब राहा." दुसरा, "अहो, ओळखी होतात, पुढे नोकरीला उपयोग होतो." पोराच्या पदरात यातून काही पडत नाही. म्हणून हा वेगळा धागा. नव्या मुलाला आत घेताना आठवड्यागणिक काय चालतं आणि ते नेमकं कुठे घसरतं, एवढंच बोलू. "आमच्या वेळी हॉस्टेलवर..." नको, त्यासाठी रॅगिंगचा जुना धागा आहे. एमएसला जाणाऱ्यांनी वाचलं नाही तरी चालेल, हा मुख्यतः पदवीच्या मुलांचा मामला.

आधी वेळापत्रक. वर्ग सुरू झाले की पहिल्या काही आठवड्यांत 'रश', म्हणजे इच्छुक मुलं आणि संघटना एकमेकांना जोखतात तो काळ. काही ठिकाणी तो जानेवारीत असतो, प्रिन्स्टनमध्ये तर पहिल्या वर्षाच्या मुलांना सामील व्हायलाच बंदी आहे. रशमध्ये बर्गर, बास्केटबॉल, गप्पा. त्यानंतर घरातली मुलं मतदान करतात आणि पसंत पडलेल्याला 'बिड' देतात. बिड स्वीकारली की तो 'न्यू मेंबर'. कागदावरून 'प्लेज' हा शब्द बऱ्याच संघटनांनी काढून टाकलाय, तोंडात मात्र तोच आहे. मग काही आठवड्यांचं शिक्षण: संघटनेचा इतिहास, संस्थापकांची नावं, ग्रीक मुळाक्षरं. मधे कधीतरी 'बिग-लिटिल', म्हणजे प्रत्येक नव्याला एक थोरला भाऊ नेमून देणं. शेवटी इनिशिएशन, म्हणजे पूर्ण सदस्य करून घ्यायचा विधी.

गंमत अशी की ज्या गुप्त विधीचा एवढा बोलबाला, तो बहुतेक वेळा अगदी निरुपद्रवी असतो: मेणबत्त्या, झगे, शपथ, हस्तांदोलनाची खूण. पोरं मरतात ती त्याच्या आधीच्या आठवड्यांत, आणि ठरावीक रात्रींना. बिड नाइट, बिग-लिटिल नाइट आणि इनिशिएशनच्या तोंडावरचा 'हेल वीक'. विद्यापीठांच्या नावांनिशी सांगतो. पेन स्टेट, फेब्रुवारी 2017: बिड नाइट. फ्लोरिडा स्टेट, नोव्हेंबर 2017: बिग ब्रदर नाइट. व्हर्जिनिया कॉमनवेल्थ, फेब्रुवारी 2021: तीच. बोलिंग ग्रीन, मार्च 2021: तीच. मिझुरी, ऑक्टोबर 2021: 'प्लेज फादर' जाहीर करायची रात्र. तिथला मुलगा वाचला, पण मेंदूला कायमची इजा होऊन.

टोळभैरव

बिग-लिटिलच का पण? भाऊ नेमायचा कार्यक्रम, त्यात जीव जाण्यासारखं काय आहे?

पारिजातक

बाटली. थोरला आपल्या धाकट्याला दारूची बाटली 'भेट' देतो. काही घरांत प्रत्येक 'फॅमिली'ची ठरलेली दारू असते, परंपरेने आलेली. धाकट्याने ती त्याच रात्री संपवायची. थोरल्यालाही गेल्या वर्षी तशीच मिळालेली असते आणि तो जगलेला असतो, त्यामुळे त्याला हे धोक्याचं वाटतच नाही. बिड नाइटला सगळे एकाच टेबलाभोवती तरी असतात. इथे दहा जोड्या दहा खोल्यांत, कोण किती प्यायलं यावर कुणाचाच डोळा नसतो.

डॉ_निवांत

आकडे मांडतो, म्हणजे "बाटली संपवली" याचा अर्थ कळेल.

750 मि.ली.चा खंबा, 40 टक्के अल्कोहोल: 300 मि.ली. शुद्ध अल्कोहोल, सुमारे 237 ग्रॅम. अमेरिकेत एक 'ड्रिंक' म्हणजे 14 ग्रॅम, म्हणजे ही 17 ड्रिंक्स झाली. आपल्या हिशेबात 30 चे 25 पेग. 70 किलोच्या मुलाने हे तासाभरात रिचवलं तर रक्तातलं प्रमाण कागदावर 0.45 टक्क्यांच्या वर जातं. 0.30 च्या पुढे श्वास थांबण्याची भीती सुरू होते. बोलिंग ग्रीनच्या मुलाचं 0.35 होतं, लुईझियाना स्टेटच्या मुलाचं (सप्टेंबर 2017) 0.495.

आता सगळ्यात घातक गैरसमज: "झोपू दे, उतरेल." शेवटचा घोट गेल्यावर अर्धा ते दीड तास रक्तातलं प्रमाण वाढतच असतं, पोटातला साठा अजून आत यायचा असतो. म्हणजे मुलगा सोफ्यावर आडवा होतो तेव्हा तो चढाच्या मध्यावर असतो. यकृत तासाला जेमतेम 0.015 ते 0.02 उतरवतं. 0.40 वरून शून्यावर यायला वीसहून जास्त तास लागतात. कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, फेऱ्या मारायला लावणं यातल्या कशानेही हा वेग वाढत नाही. थंड पाण्याने उलट शरीराचं तापमान घसरतं.

911 कधी लावायचा: हाक मारून, खांदा हलवून, छातीच्या मधल्या हाडावर मुठीने घासूनही जाग येत नाही; मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून मोठी खंड; ओठ-नखं निळसर, अंग गार; शुद्ध नसताना उलटी; झटके. यातलं एक पुरे, सगळी लक्षणं जमायची वाट बघायची नाही. फोन झाला की कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड जमिनीकडे झुकतं ठेवा आणि तिथून हलू नका. बोटं घालून उलटी काढू नका.

पाठीला पुस्तकांची सॅक बांधायची एक प्रथा आहे, उताणा होऊ नये म्हणून. पेन स्टेटलाही ती बांधली होती. ज्याला सॅक बांधायची वेळ आली त्याला अँब्युलन्स लागते.

आणखी एक. दारू प्यायलेला मुलगा जिन्यावरून पडला तर डोक्याचा मार आणि नशा बाहेरून वेगळी ओळखताच येत नाहीत. पेन स्टेटचा मुलगा तळघराच्या जिन्यावरून पडला होता. कवटीला तडा, प्लीहा फाटलेली. त्याला सोफ्यावर ठेवलं आणि 911 ला फोन गेला जवळजवळ बारा तासांनी. पडला की थेट फोन, यात चर्चा नाही.

मिरचीपूड

म्हणजे मुलगा पीत नसेल तर प्रश्न मिटला. आमच्याकडे तसंही कुणी घेत नाही.

डॉ_निवांत

नाही मिटत. 2005 साली कॅलिफोर्नियात चिको स्टेटला मुलगा गेला तो पाण्याने. थंड तळघर, व्यायामाची सक्ती, आणि भरलेला पाण्याचा जग पुन्हा पुन्हा संपवायचा. रक्तातलं सोडियम घसरलं, मेंदूला सूज आली. कॅलिफोर्नियाचा कायदा त्यानंतर कडक झाला. आधी भ्रम, उलट्या, मग झटके असा क्रम असतो आणि बघणाऱ्याला वाटतं, दमलाय.

व्यायामाचंही तसंच. सवय नसलेल्याने शेकडो उठाबशा काढल्या, भिंतीला पाठ लावून तासन्‌तास बसला, की स्नायूंच्या पेशी फुटतात आणि त्यातलं द्रव्य मूत्रपिंडात अडकतं. एक ते तीन दिवसांनी मांड्या टणक सुजतात, लघवी कोकच्या रंगाची होते. त्या रंगाची लघवी म्हणजे तडक इस्पितळ. हे मुलांना आधीच सांगून ठेवा, कारण तोवर "व्यायाम" संपून दोन दिवस झालेले असतात आणि कुणी संबंध लावत नाही.

झोपेचं तर कुणी मोजतच नाही. न पिणाऱ्या नवशिक्याच्या गळ्यात पहाटे तीनपर्यंत गाडी चालवायची ड्यूटी पडते. आठवडाभर चार तास झोपलेला पोरगा, मागे पाच जण.

चौकटचा_राजा

थोडं चित्र एकांगी होतंय. सगळी घरं अशी नाहीत, आणि त्रास फक्त फ्रॅटर्निटीतच होतो असंही नाही. मेन विद्यापीठाच्या 2008 च्या मोठ्या पाहणीत क्लब, संघ, संघटनांत असलेल्या विद्यार्थ्यांपैकी 55 टक्क्यांनी हेझिंगचे (आत घेताना नव्यांना दिला जाणारा त्रास, आपल्या रॅगिंगसारखा) अनुभव सांगितले. त्यात खेळांचे संघ आहेत, बँड आहेत. शिवाय काही कष्ट एकत्र सोसले की एकी होते, हे काही खोटं नाही. पोलीस अकादमीतही होतंच की.

सावरीचा_कापूस

एकीचा मुद्दा नेहमी येतो आणि त्याला आधार म्हणून 1959 चा अ‍ॅरन्सन आणि मिल्सचा प्रयोग सांगतात. त्यात काय होतं बघा: गटात शिरण्यासाठी जिला लाजिरवाणी चाचणी द्यावी लागली, तिला नंतर एक रटाळ चर्चा जास्त आवडली. बस. एवढी किंमत मोजली म्हणजे माल चांगलाच असणार, अशी मनाची समजूत. सदस्यांत एकी वाढली असं त्यात कुणी मोजलेलंच नाही. घरात जी एकी दिसते ती एका तुकडीतल्या नव्यांची आपापसात असते, जुन्यांच्या विरुद्ध. म्हणूनच पुढच्या वर्षी तेच जुने झाले की वसुली सुरू.

पोलीस अकादमीत प्रशिक्षक पगारी, प्रौढ आणि वरिष्ठांना जबाबदार असतो. इथे 'न्यू मेंबर एज्युकेटर', म्हणजे नव्यांना शिकवणारा सदस्य, एकोणीस-वीस वर्षांचा असतो आणि गेल्या वर्षी तो स्वतः प्लेज होता.

टोळभैरव

+1. आणि आपल्या रॅगिंगपेक्षा हे वेगळं कसं, तेही कुणी लिहा.

कलम_बहाद्दर

लिहितो. रॅगिंग प्रवेश घेतलेल्या कुणाच्याही वाट्याला येतं. हेझिंग ज्याला आत यायचंय त्याचं होतं, तो केव्हाही उठून जाऊ शकतो. म्हणून बचावाचं पहिलं वाक्य ठरलेलं: "तो स्वतःच्या मर्जीने प्यायला." अनेक राज्यांच्या कायद्यांनी हे दार बंद केलंय, फ्लोरिडाच्या कायद्यात तर संमती हा बचाव नाही असं स्पष्ट लिहिलंय.

आपल्याकडे महाराष्ट्राचा 1999 चा कायदा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड सांगतो, शिवाय काढून टाकलेल्याला पाच वर्षं दुसरीकडे प्रवेश नाही. वर 2009 चे यूजीसीचे नियम आणि पालकांसकट प्रतिज्ञापत्र. अमेरिकेत फौजदारी भाग राज्याराज्यांचा. पेनसिल्व्हेनियाचा पियाझा कायदा (2018) आणि ओहायोचा कॉलिन्स लॉ (2021) यांनी गंभीर प्रकार 'फेलनी'त, म्हणजे मोठ्या गुन्ह्यांच्या वर्गात नेले. फ्लोरिडाच्या अँड्र्यूज लॉमध्ये (2019) सगळ्यांत आधी मदत मागवून, ती येईपर्यंत थांबून सहकार्य करणाऱ्याला संरक्षण आहे. मुलांना पाठ करून घ्या: फोन करणारा अडकत नाही, न करणारे अडकतात. प्रत्येक राज्यात हे संरक्षण किती पसरतं ते मात्र आधी बघून ठेवा.

संघराज्याचा 'स्टॉप कॅम्पस हेझिंग अ‍ॅक्ट' डिसेंबर 2024 मध्ये आला. तो कुणाला तुरुंगात टाकत नाही, विद्यापीठांना बोलायला लावतो.

आता पैशाची बाजू, जिच्याकडे आपले पालक बघतच नाहीत. राष्ट्रीय संघटना विमा काढते, पण दारू आणि हेझिंगचे तिचे नियम मोडले तर त्या सदस्याला विम्याचं कवच नाकारलं जाऊ शकतं. नियम तर त्या रात्री मोडलेलेच असतात. मग दावा मुलावर येतो आणि वकील पालकांच्या घराच्या विम्यापर्यंत पोचतात. न्यू जर्सीत घर असलेल्यांनी पॉलिसी काढून वाचावी. आणि एफ-1 वर (विद्यार्थी व्हिसावर) असलेला मुलगा निलंबित झाला तर पूर्णवेळ नोंदणी सुटते, नोंदणी सुटली की स्टेटस जातं. नागरिक मुलाचं एक सेमिस्टर बुडतं, याला देश सोडावा लागतो.

लाइननंबर_शून्य

देसी फ्रॅट्सबद्दल कुणी बोललं नाही अजून. सिग्मा बीटा रो (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ, 1996), डेल्टा एप्सिलॉन साय (ऑस्टिन, 1998), बीटा काय थीटा (यूसीएलए, 1999), मुलींसाठी डेल्टा फाय ओमेगा (ह्यूस्टन, 1998) वगैरे. आपल्या मुलांना बिड येण्याची शक्यता इथे जास्त, आणि पालकही "आपलीच मुलं आहेत" म्हणून निर्धास्त होतात. हे कुठल्या एका संघटनेबद्दल म्हणत नाहीये, या सगळ्या प्रकाराची रचनाच वेगळी आहे म्हणून लिहितोय.

यांची बरीचशी पद्धत कृष्णवर्णीयांच्या संघटनांकडून आली. तुकडी छोटी, कधी तीन-चार जण. तिला 'लाइन' म्हणतात, प्रत्येकाला क्रमांक आणि 'लाइन नेम', आणि शेवटी 'क्रॉस' होणं, म्हणजे सदस्य होणं. पाठांतर खूप, एका सुरात म्हणायचं, एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा. बहुतेकांना स्वतःचं घर नसतं, त्यामुळे कार्यक्रम भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये किंवा बाहेरगावी. शंभर जणांच्या घरात निदान कुणीतरी जिन्यावरून येतं-जातं. इथे चार नवे, पंधरा जुने आणि बंद दार.

डिसेंबर 2013 मध्ये बरूक कॉलेजचा मुलगा पोकोनो डोंगरात गेला तो आशियाई-अमेरिकन फ्रॅटर्निटीच्या अशाच सहलीत. डोळ्यांवर पट्टी, पाठीवर वाळूची सॅक, गोठलेलं अंगण, आणि अंधारातून धावत येऊन पाडणारे भाऊ. इस्पितळात न्यायला उशीर केला. संघटनेवर पेनसिल्व्हेनियात दहा वर्षांची बंदी आली. डोळ्यांवरच्या पट्टीचा इतिहास तसा जुनाच: 1873 मध्ये कॉर्नेलला पट्टी बांधलेला मुलगा घळीत पडून गेला होता.

"प्लेजिंग बंद केलं की झालं" म्हणणाऱ्यांसाठी: कृष्णवर्णीय संघटनांच्या परिषदेने 1990 मध्येच ते अधिकृतपणे बंद केलं, त्याजागी छोटी कागदोपत्री प्रक्रिया आणली. झालं काय, तर नुसत्या कागदावर आलेल्याला 'पेपर' म्हणून हिणवायला लागले, आणि मान मिळवायचा तर चोरून लाइन करा. बंदीने खोलीचं दार तेवढं आतून लागलं.

चौकटचा_राजा

पण सिग्मा अल्फा एप्सिलॉनने 2014 मध्ये प्लेजिंग काढलं ते जमलंच की. बिड दिल्यावर 96 तासांत इनिशिएशन.

पारिजातक

तिथे फरक हा की चार दिवसांत मुलगा पूर्ण सदस्य होतो, मतासकट. 'अजून आत नाहीस' ही धमकीच हातातून जाते. कल्पना चांगलीच आहे. तरीही काही शाखांत सदस्य झाल्यावरही 'पहिल्या वर्षाचे' म्हणून राबवणं चालतं. दारूबंदीच्या घरांचंही तसंच. फाय डेल्टा थीटाने 2000 पासून घरात दारू बंद केली, आणि 2017 मध्ये लुईझियाना स्टेटचा मुलगा गेला तो त्यांच्याच घरात, प्रश्नोत्तरांच्या खेळात चुकलं की घोट घेत. नियम पाळणाऱ्या घरांतही पार्टी दोन गल्ल्या पलीकडच्या 'सॅटेलाइट' घरी जाते, जिथे सीनियर भाड्याने राहतात.

सावरीचा_कापूस

बरं, चांगलं स्वागत कसं करायचं तेही लिहिते, नाहीतर धागा नुसता भीतीचा होईल.

चार ते सहा आठवडे पुरे. आठवड्यात दीड तासाची एक बैठक आणि एक सगळ्यांचा कार्यक्रम, एकूण पाच तासांच्या आत, रात्री दहानंतर काही नाही. मिडटर्मच्या आठवड्यात सुट्टी. पूर्ण वेळापत्रक पहिल्याच दिवशी लेखी, नव्यांच्या हातात आणि त्याची प्रत कॅम्पसच्या ऑफिसात. 'त्यात नाही ते करायचं बंधन नाही' हे वाक्य त्यावरच छापलेलं. एज्युकेटर दोन, त्यातला एक शेवटच्या वर्षाचा.

पाया घालणारा नियम एकच आहे: फक्त नव्यांनी करायचं असं कुठलंही काम नाही. स्वयंपाकघर घासायचंय? रोस्टर लावा, एक नवा, एक जुना, अध्यक्षासकट. पाठांतर? मग जुन्यांनीही परीक्षा द्यावी. गाडीची ड्यूटी फक्त पूर्ण सदस्यांची, आणि ज्याची ड्यूटी त्याची दुसऱ्या दिवशी सकाळची कामं माफ. हा नियम लागू केला की अर्ध्या 'परंपरा' आपोआप गळतात, कारण त्या स्वतः करायची कुणाची तयारी नसते.

बिग-लिटिल दिवसा करा. रविवारी ब्रंच, बोलिंग, माजी सदस्य सल्लागार हजर. जोड्या सगळ्यांसमोर जाहीर, मग कुणी खोलीत जायचं नाही. बाटलीच्या जागी पॅडल द्या. हातभर लांबीची लाकडी फळी, पूर्वी ती मारायला असायची, आता भिंतीवर टांगतात. कडा पॉलिश पेपरने घासायच्या, रंगाचे दोन हात, वर लाकडी अक्षरं चिकटवून वॉर्निश. एक अख्खी दुपार जाते, आणि थोरला-धाकटा शेजारी बसून करतात तेव्हा बोलायला वेळ मिळतो. एवढंच तर हवं असतं.

बिघडतं कुठे? कार्यक्रम नऊला संपतो आणि ग्रुपवर मेसेज येतो, "आता खरं सुरू." म्हणून त्या रात्री एज्युकेटरने प्रत्येक नवा खोलीवर पोचला का हे बघणं हाही कार्यक्रमाचाच भाग धरा.

मिरचीपूड

छान माहिती. रशमध्ये मुलाने नेमकं काय विचारावं?

सावरीचा_कापूस

"हेझिंग करता का?" हे विचारू नये, उत्तर ठरलेलं असतं. विचारावं: लेखी वेळापत्रक दाखवता? बिग-लिटिल कधी आणि कुठे असतं? गेल्या तुकडीत किती जणांना बिड दिली आणि त्यातले किती आत आले? मधेच सोडलेल्या एखाद्याशी बोलता येईल? सोडणाऱ्याचं नाव काढल्यावर चेहरे कसे होतात ते बघायचं. आणि आत गेल्यावर फोन काढून घ्यायला लागले, "कुणाला सांगायचं नाही" असं म्हणाले, तर त्याच पावली परत.

कलम_बहाद्दर

पालकांनी विद्यापीठाचा 'कॅम्पस हेझिंग ट्रान्सपरन्सी रिपोर्ट' उघडावा, नव्या कायद्याने तो वेबसाइटवर ठेवावाच लागतो. वर्षातून निदान दोनदा अद्ययावत, नोंदी पाच वर्षं राहतात. त्यात संघटनेचं नाव, काय केलं, दारू-ड्रग्ज होते का, शिक्षा काय, आणि तारखा: घटना, चौकशीची सुरुवात, निष्कर्ष. तारखांमधलं अंतर बघा. चौकशी लांबली असेल तर दोषी शाखेने तेवढ्यात आणखी एक तुकडी घेतलेली असू शकते.

दोन पळवाटा लक्षात ठेवा. दोष सिद्ध झालेलीच प्रकरणं त्यात येतात, नुसत्या तक्रारी नाहीत. आणि विद्यापीठाने मान्यता दिलेल्याच संघटना येतात. मान्यता काढलेली शाखा त्याच मुलांनी, त्याच भाड्याच्या घरात, नवीन नावाने चालवली तर ती या यादीत दिसणार नाही. म्हणून राष्ट्रीय संघटनेच्या वेबसाइटवर ती शाखा 'अ‍ॅक्टिव्ह' आहे का, तेही ताडून बघा. दोन्हीकडे नाव नसलेलं घर असेल तर बिड कितीही प्रेमाने आली तरी घेऊ नये.

विद्यापीठ फोनवर पालकांना फारसं सांगणार नाही, मूल अठराचं झालेलं असतं. एकवीसच्या आतल्या मुलाचं दारूचं प्रकरण पालकांना कळवायची मुभा कायद्यात आहे, सक्ती नाही. आपलं विद्यापीठ कळवतं का, हे ओरिएंटेशनलाच विचारून घ्या.

पारिजातक

निनावी तक्रारीसाठी देशव्यापी हेझिंगविरोधी हॉटलाइन आहे: 1-888-668-4293. जीव धोक्यात असेल तर तिथे नाही, 911. दोन्ही नंबर आणि डॉ_निवांत यांची लक्षणं मूळ लेखात वर चढवतोय.